पान हलेना

गुरुवारी पाचला दहा कमी असताना ऑफिसातला मदतीचा फोन वाजला, आणि तो घेणारी मुलगी जागेवर नव्हती म्हणून दामिनीनं उचलला. पलीकडून एका मुलीचा दबका, घाईचा आवाज आला. "मॅडम, पान हलून न्हाई राहिलं." कुठलं पान, कुठून बोलतेस, असं विचारल्यावर कळलं ते इतकंच, की मुलीचं नाव सदफ, ती हिमायतनगरच्या एका नेट कॅफेत बसली आहे, क्लासच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म तिनं सगळा भरला, शेवटचं बटण दाबलं आणि तेव्हापासून पडद्यावरचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. मागं एक पुरुष म्हणत होता, "कलीमभाई, जरा थांबा की," आणि दुसरा, बहुधा कॅफेवाला, म्हणत होता, "चाचा, मशीन अटकली, बंद करून पुन्हा चालू करतो." दामिनी फोनमध्ये म्हणाली, "थांबा. कशालाच हात लावू नका. गप बसून राहा, उत्तर येईल." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, शब्द तिचे नव्हते. ठेवण, ठसका, 'कशालाच'वरचा जोर, सगळं अव्वाचं, तिच्या आईचं होतं. फोनमध्ये थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग मुलगी म्हणाली, "गेलं." "काय गेलं?" "बंद केलं त्यांनी. सगळं गेलं, मॅडम." आणि फोन कट झाला. पाच वाजता फॉर्म आपोआप बंद झाला. तो तसा बंद व्हावा हेही दामिनीनंच लिहून ठेवलेलं होतं.

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासचे बोर्ड, बोर्डांवर पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या हनुवटीखाली टक्के. मे महिन्याच्या उन्हात ते चेहरे फिके पडले होते. पुढच्या महिन्यात दहावीचा निकाल लागला की नवे लागतील. तिच्या लहानपणी लातूर म्हटलं की बाहेरची माणसं हळहळायची, "भूकंपात तुमचं कोण गेलं?" असं विचारायची. आता बाहेर कुठंही लातूर म्हटलं की विचारतात, कोणता क्लास चांगला. वीस वर्षंही झाली नाहीत. या दोन प्रश्नांच्या मध्ये ती शिकली, इंजिनीअर झाली, आणि या माडीवरच्या लहानशा कंपनीत क्लासवाल्यांच्या वेबसाइटची पानं लिहायला लागली. काम वाईट नव्हतं. पण गेले काही महिने संध्याकाळ झाली की तिला अंगात ताप असल्यासारखं वाटायचं, आणि थर्मामीटरमध्ये काही निघायचं नाही.

समोरच्या टेबलावरून वहिदानं विचारलं, "कुणाचा होता?" वहिदा तिच्याच वयाची, दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या. दामिनीनं सांगितलं तेव्हा तिनं फक्त चष्मा काढून पुसला. तीन महिन्यांपूर्वी ती म्हणाली होती, "बाई, हे पान लोकांचा गळा धरून बसायलंय. सर्व्हरकडून उत्तर येईस्तोवर ब्राउझरला दुसरं काहीच करू देत नाही. असं नको ठेवू." दामिनीला तेव्हा तेच हवं होतं. गेल्या वर्षीचं पान मोकळं होतं, विनंती पाठवायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या कामाला लागायचं. कॅफेवाल्यांनी एका पोराचा फॉर्म पाठवला की लगेच दुसऱ्याचा भरायला घेतला. उत्तरं मागंपुढं आली, आधीची नंतर, नंतरची आधी, आणि चाळीस पोरांच्या हातात दुसऱ्याच कुणाचे बैठक क्रमांक पडले. परीक्षेच्या दिवशी एका बाकापाशी दोन मुली रडत उभ्या होत्या. क्लासचे संचालक बसवराज सर सगळ्यांदेखत तिला बोलले होते. त्यावर खरे उपाय होते. बटण एकदा दाबलं की निकामी करायचं, 'थांबा, काम चालू आहे' असं दाखवायचं, कुठलं उत्तर कुठल्या फॉर्मचं याची खूण ठेवायची. ते सगळं तिला माहीत होतं. पण तिनं सोपं ते केलं. पान असं लिहिलं, की उत्तर येत नाही तोवर काहीच हलणार नाही. लिहून झाल्यावर तिला चक्क बरं वाटलं होतं. खोलीत सगळे एकदम गप झाल्यावर वाटावं तसं.

शुक्रवारी सकाळी तिनं सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. सदफ निजामोद्दीन, चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. फॉर्म आलेला होता. फोटो, जन्मतारीख, शाळेचं नाव, सगळं नीट पोचलं होतं. शेवटच्या तासात सर्व्हर इतका भरला होता की एरवी दोन-चार सेकंदांत होणारं ते लिहून घ्यायला त्याला दीड मिनिट लागलं. तोवर हिमायतनगरात मशीन बंद झालं होतं, आणि बैठक क्रमांक मागणारी पुढची विनंती पानानं पाठवलीच नव्हती. म्हणजे मुलगी आत आली होती, पण तिला जागा नव्हती. दामिनीनं तशा सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या. दोनशे बारा निघाल्या. माहूर, नायगाव, औसा, निलंगा. ती एकेक नाव खाली सरकवत बघत राहिली. दोनशे बारा ठिकाणी काल संध्याकाळी कुणीतरी बंद पडद्यासमोर बसलं होतं. कुणी ओरडलं नसेल. नुसतं बसलं असेल.

भूकंपाच्या पहाटेचं तिला फारसं आठवत नाही. आठवतं ते उजाडल्यानंतरचं. ती नऊ वर्षांची होती. गाव नव्हतंच, दगडमातीचे ढीग होते, आणि ढिगाढिगावर बायका बसून आपापल्या नवऱ्याला हाका मारत होत्या. सगळ्यांची हाक एकच, "अवं, ऐकायलाव का," कारण नाव कुणीच घेत नव्हतं, आणि खालून हुंकार आला तर तो कुणाचा हे कळत नव्हतं. तेव्हा अव्वानं आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचं नाव घेतलं. "सिद्धेश्वर!" खालून आलं, "हूं." अव्वा ढिगावर पालथी पडली, कान दगडाला लावला. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. शेजारची शांतम्मा दोन माणसं घेऊन आली, दगड उचलायला. अव्वानं हात आडवा केला. "थांबा. कशालाच हात लावू नका. गप बसा, उत्तर येईल." दगड हलले की आवाज होतो, आवाजात आप्पांचा हुंकार ऐकू येणार नाही, असं तिला वाटत होतं. शांतम्मा म्हणाली, "उमा, ऊठ की ग. तिकडं माणसं निघायलीत, हात लाव." अव्वा उठली नाही. ती दोन माणसं पलीकडच्या ढिगावर गेली आणि तिथून त्यांनी दोन पोरं जिवंत काढली. दामिनी अव्वाच्या शेजारी डावा हात पोटाशी धरून बसली होती. तिलाही गप बसायला सांगितलं होतं. हाका आणि हुंकार यांच्यातलं अंतर वाढत गेलं. दुपारनंतर हुंकार आला नाही, तरी अव्वा हाक मारून तेवढाच वेळ थांबत राहिली. पाऊस सुरू झाला तरी. दुसऱ्या दिवशी जवानांनी आप्पांना काढलं. पंधरा दिवसांनी छावणीतल्या डॉक्टरांनी दामिनीचा हात बघितला तेव्हा कोपराचं हाड वाकडंच धरायला लागलं होतं. त्या दोन माणसांना दगड उचलू दिले असते तर काय झालं असतं, हे घरात कुणी कधी बोललं नाही. दामिनीही नाही. वर्षानुवर्षं दोघी एका खोलीत झोपल्या, एका ताटात जेवल्या, आणि तो प्रश्न पाटावर तिसऱ्या माणसासारखा बसून राहिला.

दुपारी ती यादी घेऊन बसवराज सरांकडे गेली. सर क्लासच्या केबिनमध्ये बाकांचे नकाशे पसरून बसले होते. माणूस दुष्ट नव्हता. दोन दिवसांचं जागरण त्यांच्या डोळ्यांखाली जमलं होतं.

"मॅडम, नऊ हजार फॉर्म आलेत," ते म्हणाले. "दोनशे बारा राहिले. शेवटच्या तासाला भरणाऱ्यांचं असंच होतं."

"त्यांनी वेळेत भरलेत, सर. आपल्याकडं पोचलेत. पान अडकलं."

"पान अडकलं का नेट अडकलं?"

"पान," दामिनी म्हणाली. "मी तसं लिहिलं होतं. चूक माझी आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे बाहेर बोलू नका. उद्या पेपरवाले येतील. क्लासचं नाव जाईल, तुमच्या कंपनीचं बी जाईल."

"मी त्यांना फोन करून बोलावणार आहे. का म्हणून विचारलं तर सांगावं लागेल."

त्यांनी एक नकाशा पुढं ओढला. मग म्हणाले, "बोलवा. पण बसवायचं कुठं ते तुम्ही बघा. नांदेडच्या केंद्रावर सगळ्यात जास्त आहेत ना? रविवारी तिथं तुम्हीच जा. आणि पुढच्या वर्षीचं काम तुम्हाला द्यायचं का, ते रविवारनंतर बघू."

शनिवारी सकाळपासून ती फोन लावत बसली. एक नंबर लावायचा, वाजत राहील तोवर कानाला धरून ठेवायचा, उचलला नाही तर पुन्हा तोच. तासाभरात अकरा झाले. वहिदा तिच्याकडे बघत होती. शेवटी तिनं यादी ओढून घेतली. "एकेकाच्या तोंडाकडं बघत काय बसलीस? सगळ्यांना आधी मेसेज टाकू. ज्यांचं उत्तर येईल ते येईल. न आलेल्यांना फोन करू. तोवर बैठक क्रमांक काढ तू." तिनं मेसेज टाकले आणि डबा उघडून जेवायला बसली. जेवता जेवता तिचा फोन किणकिणत होता, ती डाव्या हातानं एकेका नावापुढं टिक करत होती. इतकं साधं. दामिनीला रडायला येईल की काय असं वाटलं, पण आलं नाही. ती फक्त फार दमली होती. संध्याकाळपर्यंत एकशे नव्वदजण मिळाले. उरलेल्यांतल्या काहींनी नंबर चुकीचे दिले होते, काहींचे बंद होते. सदफच्या वडिलांना मात्र तिनं स्वतः फोन केला. निजामोद्दीन हिमायतनगरात कपडे शिवायचे. फोनमध्ये शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"फॉर्म आला म्हणता?" ते म्हणाले. "मग परवा का न्हाई सांगितलं? दोन रोज पोरगी जेवली न्हाई."

"उद्या दोन वाजता नांदेडला पेपर आहे, चाचा. घेऊन याल ना?"

"येतो," ते म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर वहिदा आणि ती पान दुरुस्त करायला बसल्या. दोन तासांचं काम होतं. दोन तासांचं, हे तिला सर्वांत जास्त लागलं.

रविवारी सकाळी सातच्या बसनं ती निघाली. अहमदपूर मागं पडलं, लोहा आलं, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, त्यांच्यावर उन्हाची थरथर. फोनवर अव्वाचे अकरा मिस्ड कॉल होते, सगळे कालचे. दामिनीनं लावला. पुनर्वसनाच्या गावात अव्वा एकटी राहायची, घर सरकारनं बांधलेलं, छत इतकं पक्कं की उन्हाळ्यात आत भट्टी. पहिल्याच घंटीला उचलला.

"किती येळ झालं फोन करायले मी."

"अव्वा, मी कामात होते."

"मी बी कामातच होते. फोन लावायलते." मग ती म्हणाली, "उचलत न्हाईस, मग मला कसं कळावं?"

"काय कळावं?"

"हाईस म्हणून."

बस खड्ड्यात आदळली. दामिनीच्या ओठांवर तो प्रश्न आला होता, एकोणीस वर्षांचा, सगळा शब्दांसकट. का हात लावू दिला नाहीस. तिनं डोळे मिटले. आपणही गुरुवारी तेच म्हणालो. हिमायतनगरच्या एका पोरीला तेच सांगितलं, कारण घाबरलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. उत्तर येत असेल तर तेवढंच धरून ठेवावंसं वाटतं. तिनं विचारलं, "जेवलीस का?"

"न्हाई अजून. तू?"

"पोचल्यावर जेवते."

"जेव," अव्वा म्हणाली. मग दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मागं अव्वाच्या दारातल्या शेळीच्या घंटेचा आवाज येत होता. लोह्याच्या पुढं रेंज गेली तेव्हा तो थांबला.

नांदेडच्या केंद्रावर तिनं शाळेच्या व्हरांड्यात जादा बाक लावून घेतले. एकशे चार पोरं आली. सदफ सगळ्यात शेवटी आली, वडिलांच्या पुढं दोन पावलं, किडकिडीत, हातात पारदर्शक पाऊच. दामिनीनं क्रमांकाची चिठ्ठी दिली तेव्हा तिनं ती दोनदा वाचली आणि आत पळाली. निजामोद्दीन चाचा कडुनिंबाच्या सावलीत उकिडवे बसले. दामिनीही तिथंच जाऊन बसली. दुसरीकडं सावली नव्हती. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढं केली, तिनं एक घोट घेतला.

"चाचा," ती म्हणाली, "ते पान मी लिहिलं होतं. अडकलेलं. मशीनची चूक नव्हती, कलीमभाईंची बी नव्हती."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मी कलीमला लई बोललो," ते म्हणाले. "बारा वर्षांची दोस्ती हाय. दुकानात जाऊन बोललो, चार लोकांसमोर." त्यांच्या बोटांना सुई टोचल्याची जुनी भोकं होती, ती त्यांनी अंगठ्यानं चाचपली. "आता त्याला काय सांगू मी?"

ते काही बरं वाटेल असं बोलतील याची ती वाट बघत होती हे तिला तेव्हा कळलं, आणि ते बोलले नाहीत. पुढचे दोन तास ते दोघं तसेच बसले. राग त्यांनी लपवला नाही आणि वाढवलाही नाही. सावली सरकली तसे दोघं थोडे थोडे सरकले.

पाच वाजता पोरं बाहेर आली. सदफ आली तेव्हा तिच्या कपाळावर शाईचा डाग होता. "फिजिक्स बेकार गेलं अब्बा. बाकी ठीक." चाचांनी दामिनीकडे हात केला. "या मॅडमनी फोन केलता. सलाम कर." तेवढंच. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मुद्दाम सांगितलं नाही, हे दामिनीला दिसलं. तिथंच थांबता आलं असतं. मुलगी हसून थँक्यू म्हणाली होती. पण दामिनी म्हणाली, "फोन नंतर केला, सदफ. आधी ते पान मीच लिहिलं होतं. गुरुवारी तुझ्यासमोर अडकलेलं."

सदफचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले. ती रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे अशी पानं माणसं लिहितात?"

"हो."

"मग ते का अडकलं?"

दामिनीनं सांगितलं. पान काहीतरी मागतं आणि उत्तर येईपर्यंत दम धरून उभं राहतं, म्हणून बाणसुद्धा हलत नाही. आता नवीन लिहिलंय ते मागतं आणि आपलं काम करत राहतं. तुला 'थांबा' असं दाखवतं, बाण हलतो, दुसरं काही वाचता येतं. उत्तर आलं की ते घेतं.

"आणि आलंच न्हाई तर?" सदफनं विचारलं.

दामिनीनं वाकडं कोपर पोटाशी धरलं. मग म्हणाली, "किती वेळ वाट बघायची ते आधीच ठरवून ठेवायचं. तेवढ्यात आलं नाही तर पान सांगतं, उत्तर आलं नाही, तुमचं भरलेलं सगळं जपून ठेवलंय, पुन्हा पाठवा."

"किती वेळ ते कोण ठरवतं?"

"लिहिणारं माणूस. मी ठरवलंय. तीस सेकंद."

निजामोद्दीन चाचा रस्त्याकडे बघत होते, बसची वेळ झाली होती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. सदफ मात्र जागची हलली नाही. तिनं मनात काहीतरी मोजलं, ओठ हलवत.

"तीस कमी हायत मॅडम," ती म्हणाली. "आमच्याकडं नेट लई हळू हाय. साठ ठेवा."

"साठ?"

"हाव. साठ पुरतात. मी बघितलंय."

"बरं," दामिनी म्हणाली. "साठ ठेवते."